अप्पांचं स्टेशन

१

कवळीवाल्याला राग यायला कारण लागत नसे. त्या दिवशी तो खरखऱ्यांच्या दुकानात शिरला तोच धुमसत, कारण पायरीवर कुणीतरी सायकल आडवी लावून ठेवली होती.

खरखरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जन्मभर जुने रेडिओ उघडून बसलेल्या माणसाला गल्लीनं ठेवलेलं ते नाव. त्यांनी मेजावरचे स्क्रू, तारा, चहाचा कप सगळं कोपरानं बाजूला सारलं आणि रेडिओची स्टेशनं पकडणारे तीन ट्यूनर ओळीनं मांडले.

दोन वर्षं खपून कवळीवाल्यानं घरी गाणी ऐकायची जोडणी उभी केली होती. अँप्लिफायर स्वतः जोडलेला, स्पीकरच्या पेट्या स्वतः रंधा मारून केलेल्या. राहिला होता तो फक्त ट्यूनर, आणि तो जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हचाच हवा होता. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यांतून आवाज येतो, माणूस येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

पहिला ट्यूनर पत्र्याचा. स्टेशनं ठणठणीत पकडायचा, पण गाणारी बाई आणि बातम्या देणारा बुवा दोघंही एकाच नळातून बोलल्यासारखे. दुसरा लाकडी, पॉलिश असं की त्यात तोंड पाहावं. पण पाच मिनिटं तापला की लावलेलं स्टेशन आपोआप घसरायचं.

"देखण्या जावयासारखा आहे," खरखरे म्हणाले. "घरी टिकत नाही."

तिसरा राखाडी, बिननावाचा. समोर आकड्यांची काचेची पट्टी, एक काटा, दोन खुंट्या आणि मधोमध बोराएवढा हिरवा उजेडाचा डोळा. स्टेशन नेमकं लागलं की तो डोळा मिटायचा. खरखऱ्यांनी खुंटी फिरवली आणि बातम्या देणारा माणूस जणू दुकानात येऊन उभा राहिला. त्यानं आवंढा गिळला तोसुद्धा ऐकू आला.

"हा द्या," कवळीवाला म्हणाला.

"हा नको. दोघांनी परत आणलाय."

"बिघाड काय आहे?"

"बिघाड असता तर मी काढला नसता का?" खरखऱ्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या हाताला जमायचा नाही हा. लाकडी घ्या, मी सुधारून देतो."

झालं. कवळीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या हाताला जमायचं नाही, हे वाक्य त्यानं आयुष्यात एका माणसाकडून इतकं ऐकलं होतं की दुसऱ्या कुणाला ते म्हणायची मुभा त्यानं ठेवली नव्हती. त्यानं तो राखाडी ट्यूनर उचलला, काखोटीला मारला आणि उतरताना ती सायकल लाथेनं पाडली.

२

तो एक माणूस म्हणजे त्याचे वडील, अप्पा.

अप्पा दोन वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगानं उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डावा हात तेवढा थोडा उचलायचा. त्याआधी मात्र त्या माणसाचा आवाज असा होता की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. मुलगा शाळेत जाताना शिव्या, आला की शिव्या, जेवताना शिव्या.

वाचा जायच्या दिवशीचं भांडणही कवळीवाल्याच्या छातीत तसंच ताजं होतं. त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे, हा त्यावर दात बसवून द्यायचा. अप्पांची कवळी त्यानंच केली होती. वरची किंचित सैल झाली होती. त्या दुपारी अप्पा कारखान्यात आले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर ती कवळी तोंडातून काढून त्यांनी प्लास्टरच्या बादलीत फेकली.

"बापाचे दात धड बसवता येत नाहीत, आणि जगाचे बसवतोय! नीघ!"

गिऱ्हाइकं खाली बघत राहिली. कवळीवाल्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. पण चारचौघांत नको, घरी जाऊन बोलू म्हणून त्यानं दातओठ खाल्ले. आणि संध्याकाळपर्यंत अप्पा कोसळले. ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस समोर, आणि त्याच्याशी भांडायची सोय नाही. रोज सकाळी तो अप्पांच्या पायाशी बसून त्यांच्या पायांना तेल चोळायचा आणि ते उत्तर मनात घोळवायचा.

ट्यूनर त्यानं पुढच्या खोलीत ठेवला. एरियलची तार घरातल्या बोळातून अप्पांच्या खोलीत नेली, त्यांच्या खाटेच्या पायथ्यावरून भिंतीनं खिळे मारत, खिडकीतून वर गच्चीवर. खिळे ठोकताना त्याचं लक्ष सांभाळणाऱ्या बाईकडे गेलं. ती सकाळी नऊ ते एक यायची. नेहमीप्रमाणे आजही ती उंबऱ्याजवळ स्टुलावर बसली होती.

"बाई, तुम्हाला दारात बसायला ठेवलंय का? पायाशी बसा की. त्यांना काय हवं नको ते कळेल."

"इथं बरी आहे."

"अहो, अख्खा पायथा रिकामा आहे!"

बाईनं खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "तिथं जागा नाही होत, दादा," ती म्हणाली.

अप्पांचे पाय काटक्यांसारखे. तिथं आणखी दोन माणसं मावली असती. कामचुकार बाई, असं पुटपुटत त्यानं पुढचा खिळा इतक्या जोरात ठोकला की प्लास्टर उडालं.

३

दुपारचे अडीच वाजले होते. बायको पोस्टात काम करायची, ती चारनंतर यायची. बाई गेली होती. कवळीवाल्यानं ट्यूनर चालू केला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागलं, मग डोळा उजळला.

त्यानं खुंटी सावकाश फिरवली. एक गाणं आलं, बाजारभाव आले, परत गाणं. सहाशे आणि सातशेच्या मधे खरखर होती. तो पुढे जाणार एवढ्यात डोळा मिटला. पूर्ण मिटला, इतका कुठल्याच स्टेशनला मिटला नव्हता.

खरखर थांबली. कुठल्यातरी खोलीतली शांतता ऐकू येऊ लागली. लांबून पंख्याची घरघर. आणि मग, दोन्ही स्पीकरमधून:

"ऊठ! ऊठ म्हणतो ना! लाज नाही वाटत, रोज पायाशी येऊन बसायला?"

अप्पा.

त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज जराही म्हातारा झाला नव्हता. तेच शब्दांवर आपटणं, तोच श्वास. "ट" म्हणताना मागं होणारी ती बारीक टकटक त्याच्याइतकी जगात दुसऱ्या कुणाला ओळखू आली नसती: वरची कवळी सैल असली की होणारी.

तो बोळातून धावत गेला. अप्पा उताणे पडले होते, डोळे उघडे, ओठ आत गेलेले. तोंड बंद होतं. कवळी फळीवरच्या काचेच्या भांड्यात होती, पाण्यात. पाणी हलत होतं. आपण धावत आलो म्हणून फळी हादरली असणार, त्यानं स्वतःला सांगितलं. जुनं घर आहे.

मागं, पुढच्या खोलीतून आवाज येतच होता. "सोड पाय! घाणेरडे हात लावू नकोस!"

४

त्यानं डोकं चालवायचं ठरवलं. एखादं नाटक असेल, नाटकातल्या बापाचा आवाज मिळताजुळता असेल. की बहिणीनं कधी काळी अप्पांचा आवाज भरून ठेवला होता? तिला फोन केला तर ती म्हणाली, "दादा, अप्पांचा आवाज कोण मुद्दाम भरून ठेवेल? आपण कानात बोटं घालून वाढलो."

संध्याकाळी बायकोला समोर बसवून त्यानं काटा तिथंच आणला. डोळा मिटला. "ऊठ तिथून, निर्लज्जा!" अप्पा गरजले.

"ऐकलंस?"

"काय?"

"हे! आत्ता!"

तिनं थोडा वेळ कान दिला. "खरखर आहे, अहो. ही ऐकायला दोन वर्षं घालवलीत?"

त्याला तिचाही राग आला. खरं तर भीती वाटायला हवी होती, आणि कुठंतरी आत ती होतीही. पण रागाला तिच्यापेक्षा जास्त सराव होता. माणूस दोन वर्षं बापाचं सगळं करतो. अंघोळ घालतो, घाण काढतो, पाय चोळतो. आणि बाप मनातल्या मनात त्यालाच शिव्या घालत पडलाय! "रोज येऊन बसतोस," "पाय सोड" हे दुसऱ्या कुणाला असणार? पायाशी रोज कोण बसतं?

आठवडाभर तो रोज दुपारी ते स्टेशन लावून बसायचा. हात कामाला लागेनात. एका डॉक्टरकडून तीन कवळ्या परत आल्या. सकाळी तेल चोळताना तो आता अप्पांकडे बघायचा नाही, नुसता जोरानं चोळायचा. इतका की बाई एकदा म्हणाली, "दादा, कातडं निघेल त्यांचं."

"निघू दे. त्यांना तसंही माझे हात घाणेरडे वाटतात."

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर यायची थांबली. निरोप आला की कंबर धरलीय.

५

मग एका दुपारी आवाज नेहमीपेक्षा चढला. "चालता हो! माझ्या घरातून चालता हो!"

कवळीवाला उठला. ट्यूनर तसाच चालू ठेवून बोळातून गेला आणि अप्पांच्या खोलीचं दार त्यानं भिंतीवर आपटलं.

"माझ्या घरातून? घर कोण चालवतंय, अप्पा? औषधं कोण आणतंय?"

खाटेच्या पायाशी तो उभा राहिला आणि पस्तीस वर्षांचं साठलेलं बोलला. मित्रांसमोर मारलेली थोबाडीत. लग्नाच्या पंगतीत केलेला पाणउतारा. बादलीत फेकलेली कवळी. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला, तोंडातून थुंकी उडायला लागली.

"माझ्याकडे बघा! निदान आज तरी माझ्याकडे बघा!"

अप्पा बघत नव्हते. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागं, जरा वर, अशी लागली होती. डोळे लाल. डावा हात थरथरत उचलला गेला. कवळीवाला पुढे होऊन त्यांच्यावर वाकला, तसा तो हात त्याच्या खांद्यावर बसला. एक धक्का, मग दुसरा. त्या काटकीत एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. तो एक पाऊल बाजूला सरकला.

"अजून मारताय," तो म्हणाला. "एका हातानंसुद्धा मारताय. धन्य आहे तुमची."

हात खाटेवर पडला. अप्पांचे डोळे मात्र तिथंच होते, जिथं तो आत्ता उभा नव्हता.

६

पुढच्या खोलीत स्पीकर बोलत होते. तो ट्यूनर बंद करायलाच आला होता. हात खुंटीवर गेला आणि तिथंच राहिला.

"माझ्या पोराच्या अंगाला हात लावशील तर याद राख," अप्पांचा आवाज म्हणत होता. दमलेला, धापा टाकत. टकटक, टकटक. "सकाळी तो इथं बसतो तेव्हा त्याच्या मागं उभा राहतोस. मला काय दिसत नाही? पाळण्यात होता तेव्हापासून बघतोय मी तुला. पाय पकडायचे तर माझे पकड. बस इथंच. पण त्याच्या मागं जायचं नाही."

डोळा मिटलेलाच होता. पंखा घरघरत होता.

कवळीवाल्याला आठवायचं नव्हतं, तरी आठवलं. लहानपणी शिव्या खाताना त्याला नेहमी वाटायचं की अप्पा आपल्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. खांद्यावरून मागं कुठंतरी बघतात. त्यांना आपलं तोंडही बघवत नाही, असा त्यानं त्याचा अर्थ लावला होता. आणि दर वेळी ओरडून झालं की अप्पा भिंतीला पाठ टेकून, घाम पुसत, बराच वेळ उभे राहायचे.

त्यानं ट्यूनर बंद केला. प्लग काढला. एरियलची तार उपटून टाकली. हे सगळं त्यानं दात आवळून, नीटपणे केलं, आणि मग स्वतःला समजावलं की आपल्याला बापाकडून एक गोड शब्द इतका हवा होता की शेवटी आपण तो खरखरीतून काढला. माणसाचं डोकं काय वाटेल ते ऐकतं. चार दिवस तो अप्पांच्या खोलीत गेला की कामापुरता थांबायचा आणि मागं वळून बघायचं टाळायचा. विचारावं असं दहादा वाटलं. पण वाचा नसलेल्या माणसाला काय विचारणार, आणि विचारताना कुठं बसणार?

पाचव्या दिवशी दुपारी तो कारखान्यात कवळी घासत असताना बायकोचा फोन आला. ती रजेवर होती. अप्पा गेले होते.

"डावा हात वर धरलेला होता हो," ती रडत म्हणाली. "मी खाली ठेवला तर परत वर येत होता."

७

सगळं उरकलं. माणसं आली, गेली. खाट भंगारवाल्याला दिली, गादी टाकली. खोली धुऊन काढल्यावर बायको म्हणाली, "इथं मी शिवणाचं मशीन ठेवते. उजेड छान आहे." तो हो म्हणाला. खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं.

महिन्याभरानं, एका सुटीच्या दिवशी सकाळी अकराला, त्यानं तार परत जोडली. गाणी ऐकावीत एवढाच विचार होता. निदान तसं त्यानं स्वतःला सांगितलं. पण काटा आपोआप गेल्यासारखा सहाशे आणि सातशेच्या मधे गेला, आणि डोळा मिटला.

अप्पांचा आवाज नव्हता. रिकामी खोली होती. तो खुंटी फिरवणार, एवढ्यात खाट करकरली.

खाट महिन्यापूर्वी गेली होती.

करकर हळूहळू झाली, पायथ्याकडून. बराच वेळ बसलेलं कुणी उठावं, तशी. मग जमिनीवर काहीतरी घासत गेलं. मग बिजागरीचा आवाज. तो त्यानं हजार वेळा ऐकला होता: अप्पांच्या खोलीच्या दाराची खालची बिजागरी.

त्यानं झटकन ट्यूनर बंद केला. घर गप्प झालं. आणि बोळातून, खराच, तो आवाज पुन्हा आला.

"अहो," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अप्पांच्या खोलीचं दार तुम्ही उघडलंत का?"

तो बोळाच्या तोंडाशी आला. दार अर्धं उघडं होतं. बोळात भरपूर ऊन होतं, रिकामं. पलीकडच्या टोकाला स्वयंपाकघराचा पडदा, आणि पडद्याआड बायको सुरीनं काहीतरी चिरत होती. चिरण्याचा आवाज एकसारखा येत होता. वारा नव्हता. पडदा वरून सरळ होता. पण खाली, गुडघ्याच्या उंचीवर, तो आत ढकलला गेला होता. कुणी उकिडवं बसून त्याला कपाळ टेकवावं तसा.

कवळीवाल्याच्या पोटात जे उठलं ती भीती असायला हवी होती. पण ती वर येईपर्यंत तिचा राग झाला होता, आणि तोंडातून निघालेला आवाज त्याचा असून त्याचा नव्हता.

"मागं हो! त्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही! मागं हो म्हणतो ना!"

पडदा सैल पडला. चिरण्याचा आवाज थांबला.

बायको पडदा सारून बाहेर आली, नेमकी त्याच जागेवरून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्यावर ओरडलात?"

"तुला नाही गं," तो हळू म्हणाला. "अगं, तुला कसा ओरडेन..."

तिच्या मागं, पायाशी, पडदा पुन्हा फुगायला लागला.

"चल नीघ!" तो किंचाळला. "नीघ इथून!"

८

त्यानं तिला सांगितलं नाही असं नाही. पोस्टासमोरच्या बाकावर, घरापासून लांब, त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आपण चांगल्या डॉक्टरकडे जाऊ." त्यात काही चुकीचं नव्हतं. ते डॉक्टरकडेही गेले. गोळ्यांनी झोप येऊ लागली, तेवढंच.

घर बदलावं म्हणून दोघं तिच्या बहिणीकडे जाऊन राहिले. पहिल्या सकाळी मेहुणी खोलीत चहा घेऊन आली आणि पलंगाच्या पायथ्याला वळसा घालून गेली. का वळसा घातला हे तिलाही सांगता आलं नाही. त्या दिवशी त्याला कळलं की हे घराला चिकटलेलं नाही. ते त्याच्या मागं आहे, आणि त्याच्या जवळ जो जो असेल त्याच्याही.

परत आल्यावर तो अप्पांच्या खोलीत राहायला गेला. शिवणाचं मशीन त्यानं बाहेर काढलं. दिवसभरात तीनदा, चारदा तो ओरडायचा. शेजारी म्हणायचे, बापावर गेलाय. कारखान्याला कुलूप लागलं. बायको दाराशी येऊन उभी राहिली की तो तिच्या तोंडाकडे बघूच शकत नसे. तिच्या खांद्याच्या मागं काय आहे ते आधी बघावं लागे. आणि ती रोज जरा जास्त वेळ दाराशी थांबायची. तिला अजून वाटत होतं की प्रेमानं माणूस ताळ्यावर येतो.

म्हणून एका दुपारी तो मुद्दाम तिच्याकडे बघून बोलला. तिच्या डोळ्यांत बघून, शब्द निवडून. तिच्या आईवरून बोलला, तिच्या न झालेल्या मुलावरून बोलला. ते शब्द परत घेता येणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं ते निवडले होते.

ती रडली नाही. तासाभरात तिनं बॅग भरली.

"तुम्ही असे नव्हतात," दारातून ती म्हणाली.

"गेलीस तर परत येऊ नकोस!"

तो खिडकीशी उभा राहिला. ऊन स्वच्छ होतं, रस्ता लांबपर्यंत दिसत होता. ती बॅग ओढत चालली होती, एकदाही न वळता. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या मागचा रस्ता बघत होता, फाटकं, भिंतीच्या सावल्या, उभ्या गाड्यांच्या खालची जागा. ती कोपऱ्यावर पोचली, थांबली, पलीकडच्या रस्त्याला लागली. तिच्या मागं कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा पाहिलं. कुणीच नव्हतं.

त्याच्या पाठीमागं, जमिनीवर, काहीतरी घासत जवळ आलं.

कवळीवाल्यानं खिडकीच्या गजावर क्षणभर कपाळ टेकलं. मग तो वळला आणि त्यानं घसा खाकरला.